डावीकडची फट

क्लेइनो : अहो, पोट आत घ्या म्हटलं मी, श्वास नव्हे! तोंड बघा कसं जांभळं पडलंय.

एखेमोस : तू ओढ गं. माझ्याच अंगाला मापून ठोकलंय हे चिलखत.

क्लेइनो : विशीतल्या अंगाला! त्या काशाच्या पत्र्याला काय ठाऊक, मालक पुढे चीज आणि अंजिरं किती रिचवणार ते?

एखेमोस : टोमणे नंतर मार. तेगेयाच्या वेशीत तुतारी वाजली की निघायचंय मला.

क्लेइनो : तुमच्या वयाची माणसं तटावर राखणीला बसणार आहेत. तुम्हालाच मेली कसली हौस रांगेत उभं राहायची? शेजारचा सोसान्द्रोस बघा, मुकाट तटावर गेला.

एखेमोस : त्याला सगळ्या मुलीच आहेत.

क्लेइनो : म्हणजे? इकडे बघून बोला. आपला थेरोन मागच्या ओळीत आहे ना? तुम्हीच म्हणालात, पोरगं नवं आहे, मागे ठेवलंय.

एखेमोस : खोटं बोललो. पहिल्या ओळीत आहे. त्याच्या उजवीकडचा गडी तापाने आडवा झाला, म्हणून ती जागा मी मागून घेतली.

क्लेइनो : हेरामाते! आणि हे आत्ता सांगताय मला?

एखेमोस : ढाल अर्धी आपली, अर्धी डावीकडच्याची. थेरोनची उजवी कूस माझ्या ढालीआड राहणार. कुणा परक्यावर कशी सोडू? पण बिनचिलखताचा गेलो, तर रांगेत घेणार नाहीत मला.

(क्लेइनो आत जाते. जवसाच्या धाग्याचं, स्वतः विणलेलं कापड आणि सुई घेऊन येते.)

क्लेइनो : हात वर करा. उजवी बाजू पक्की बसवते. डावीकडे फट राहील, तिथे कापडाचे थर शिवते.

एखेमोस : कापडाने भाला थांबतो होय?

क्लेइनो : नाही. ढालीने थांबेल.

एखेमोस : मग फट उजवीकडे ठेव की! तिकडे शेजाऱ्याची ढाल असते. माझी मोकळी राहील.

क्लेइनो : म्हणूनच नको. धूळ उठली, समोरून भाले आले, की भलेभले ढाल घेऊन उजवीकडे सरकतात. दोन घोट पोटात गेले की तुम्हीच सांगता. फट डावीकडे असली, तर तुमचा ढालीचा हात तिथून हलायचा नाही.

एखेमोस : म्हणजे माझ्या भित्रेपणाच्या जिवावर पोराला राखणार तू?

क्लेइनो : हो. तुमच्या शौर्याचं मला काही सांगता येत नाही.

एखेमोस : आणि मलाच तिथे लागलं तर?

क्लेइनो : तर जन्मभर ऊर बडवून रडेन. पण फट डावीकडेच राहील.

एखेमोस : ...शीव तर मग. थेरोनला मात्र यातलं काही कळता कामा नये.

क्लेइनो : नाही कळणार. हलू नका हो असे, सुई टोचेल.