वाचल्याशिवाय बिस्किट नाही

...आणि तो दुकानदार मला म्हणतो, 'काका, बिस्किट घेताय की परीक्षेला बसलाय?' बसलो तर बसलो, तुझं काय जातं! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत मी... वाचल्याशिवाय आपण सोडत नाही!

एकदाच सोडलं. गेल्या खेपेला लेक आली होती. वीगन झालीय ती, म्हणजे दूध नाही, लोणी नाही, मधसुद्धा नाही. मी बिस्किट पुढे केलं, म्हटलं, 'खा गं, यात काही नसतं.' खाल्लं बिचारीनं. मग पुडा उलटा करून बघते तर दूध पावडर! भांडली नाही हो. एवढंच म्हणाली, 'बाबा, तुम्ही वाचलंच नव्हतं?' ...मला! मुद्रितं तपासणाऱ्याला! सहा महिने फिरकली नाही.

परवा फोन आला, येतेय म्हणून. मी भिंग घेऊनच दुकानात! एकात लोणी, दुसऱ्यात मध, तिसऱ्यात दुधाची निवळी, चौथ्यात जिन्नसाच्या नावाऐवजी नुसता एक आकडा. आता हा आकडा कोण? लावला कंपनीला फोन. बाई गोड आवाजात, 'सर, आमची बिस्किटं सर्वांना आवडताऽऽत.' अहो, आवड कोण विचारतंय? हा आकडा दुधातून येतो की झाडातून? 'सर, लाइनवर राहा...' राहिलो! वीस मिनिटं राहिलो! मागची गिऱ्हाइकं कुरकुरली, कुरकुरू देत, वाचल्याशिवाय मी सोडत नाही! शेवटी उत्तर आलं, 'झाडातून, सर.'

घरी येऊन एकेका जिन्नसापुढे लाल पेनानं खूण केली, पुडा ओट्यावर ठेवला आणि दाढीला बसलो. अर्धी दाढी करून डोकावतो तर पुडा रिकामा! आमची ही म्हणते, 'अहो, सादळतील म्हणून डब्यात ओतली.' कुठल्या डब्यात? 'बिस्किटांच्या!' आमच्या घरात तीस वर्षं एकच डबा, येईल तो पुडा त्यात. आत कालची लोण्याची होतीच... तोच रंग, तोच आकार, वर भोकंसुद्धा तेवढीच! आता वाचू काय, कपाळ?

तेवढ्यात बेल वाजली. दारात लेक, आणि मी रिकामा पुडा धरून उभा, अर्ध्या गालाला फेस. म्हटलं, 'बाई, एकही खाऊ नकोस. पण या वेळी वाचलं होतं गं मी.' तिनं पुडा घेतला, एकेक लाल खूण बघितली, अगदी शेवटपर्यंत. मग नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. कोरा चहा प्यायली, जेवायलाही थांबली.

डबा मात्र आमच्याच गळ्यात. घ्या ना एक... फक्त त्यात काय आहे, ते मला विचारू नका!