खरेदीदार आत्या

ऐका, हे सांगितल्याशिवाय मला चहा जाणार नाही. परवा आमच्या शहरात नंदंबाक्कमच्या व्यापारी प्रदर्शनात आमच्या कंपनीच्या स्टॉलवर मी उभा होतो आणि तिकडे आत्या फाटकावर अडकली. तिच्या लेखी प्रदर्शन म्हणजे लहानपणीचंच, आकाशपाळणा आणि तिखट भुरभुरलेला ताटाएवढा अप्पळम पापड. रेशमी साडी नेसून आली होती.

फाटकावरच्या मुलीने विचारलं, "कुठली कंपनी? आत फक्त व्यापाऱ्यांनाच सोडतो."

"कंपनी कशाला? मी मैलापूरची."

आत्याचा फोन आला तसा मी धावत गेलो. "शहरातलं प्रदर्शन आणि शहरालाच बंदी?" तिथे स्टॉलवरून साहेब मला फोनवर फोन करतोय, इथे मी भांडतोय. शेवटी आत्याच्या गळ्यात 'खरेदीदार' असं कार्ड घालूनच तिला आत नेलं.

मग काय, सगळे विक्रेते आमच्या मागे. एकाने तर पापड लाटायचं यंत्र चालवूनच दाखवलं.

आत्या खूश. "आता एक तळून द्या."

"मॅडम, हॉलमध्ये तळायला परवानगी नाही."

आत्याने कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "उगाच भांडलास रे. आत काही नाहीच."