आधी काय ओतशील?

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका मास्तरीणबाईंच्या शेजारी एका डोळ्याने अधू बाप लेकीची उजळणी घेत होता. उद्यापासून ती प्रयोगशाळेत कामाला लागणार होती.

"मूळ ॲसिड दहापट तीव्र. पातळ केलेलं अर्धा लिटर हवंय. ॲसिड किती?"

"पन्नास मिली. पाणी साडेचारशे."

"आधी काय ओतशील?"

"पाणी. मग त्यात ॲसिड, हळूहळू, ढवळत. बाबा, तुम्ही एवढे काटेकोर, डोळा गेला त्या दिवशी उलटं कसं ओतलंत?"

"फोन आला. मुलगी झाली म्हणाले. मला कुठलं भान!"

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"दर वाढदिवसाला माझ्या डोळ्याकडे बघत बसली असतीस. बरं, ओतताना फोन वाजला तर?"

"वाजू देईन."

"माझा असला तरी?"

"तुमचा असला तरी. आणि रडू नका हो, आत्ताच थेंब घातलेत."