औषधाची घागर

माझा रिपोर्ट आज चांगला आलाय, पण त्याचं श्रेय महानंदाकाकूंना.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझं फेरिटिन वाढलं, म्हणजे अंगात लोह लई झालं. डॉक्टरनं बायकोला विचारलं, "स्वयंपाक कशात करता?"

"लोखंडी कढईत. वरण, भाजी, चिंचेची आमटी, समदं तिच्यातच. पुसली की झालं. भांडी घासायला पाणी कुठंय?"

"आंबट तर लोखंडात बिलकुल नको. स्टीलचं पातेलं वापरा."

बायको रडकुंडीला आली. शेजारच्या महानंदाकाकूंच्या कानावर गेलं. त्यांच्याकडंबी टँकरचंच पाणी, तरी सकाळी भरली घागर घेऊन दारात हजर!

मी म्हणलं, "काकू, प्यायला हाय की आमच्याकडं."

"पिऊ नका. औषध हाय तुमचं. पातेलं घासा!"