यंत्रमानवांचा करार

मतदानाचं दार सहाला बंद होणार होतं. कारखान्यातून धावत आलेल्या वेल्डरच्या पुढे नेमके दोन पुस्तकवेडे उभे, एक जाडा आणि एक चष्मेवाला.

"तुझं मत त्यांना, माझं यांना. वजा होऊन शून्य," जाडा म्हणाला.

"मग पाय कशाला मोडायचे? दोघंही घरी जाऊ."

"आणि तू गुपचूप परत आलास तर?"

"विश्वास ठेव की लेका. आपण वाचलेल्या त्या कादंबरीत दोन वैरी यंत्रमानव एकमेकांच्या शब्दावर विसंबून एकाच क्षणी स्वतःला बंद करतात."

"देवाला मानत नाहीस, यंत्रमानवाला मानतोस."

"देवाचं मी काही वाचलेलं नाही. चल."

दोघं रांगेतून निघाले. वेल्डर पुढे सरकला, पण जिभेला हाड नाही.

"अहो, दोघंही बंद पडले, तर पुढची गोष्ट सांगितली कोणी?"

दोघं जागीच थबकले.

"एकजण बंद झालाच नसणार."

"माझ्याकडे काय बघतोस?"

ते परत फिरले. "काका, आमची जागा."

"सोडलीत ना? आता शेपटाला जा."

वेल्डर मत देऊन बाहेर आला, तेव्हा रांग संपली होती. उंबऱ्यापाशी फक्त ते दोघं.

"मत द्यायचंय का?" शिपायाने विचारलं.

"हा देणार असेल तर."

"मी कुठे देतोय? मी याच्यावर नजर ठेवायला उभा आहे."

"मीपण."

"सहा वाजले. दार लावतोय मी."

"लावा," दोघं एकदम म्हणाले. "पण आमच्यादेखत."