विलासची बंद केलेली गोळी

जमलेल्या सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ विलास जाऊन आज दहा दिवस झाले. काटेवाडीच्या याच दूध संकलन केंद्रावर तो रोज सकाळी दूध घालायला उभा असायचा. आज इथं त्याचा फोटो आहे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, बोलायची सवय आहे. आज बोलणार आहे, कारण एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

आमच्या घरात कुणाचाही रिपोर्ट आला की आधी माझ्याकडे येतो. मी सगळ्यांची आक्का, शिकलेली. आधी आक्काला दाखवा, मग डॉक्टरांना.

दोन वर्षांपूर्वी विलासची किडनी कमजोर झाल्याचं कळलं. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची नवी गोळी दिली आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून यायला सांगितलं. विलास तो रिपोर्ट घेऊन थेट माझ्या दारात आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढलं होतं. मी म्हणाले, "ही गोळीच किडनी खातेय. बंद कर."

तो म्हणाला, "आक्का, डॉक्टर म्हणालं हुतं, सुरवातीला जरा वाढंल. दोन दिवस दुधाला फॅट कमी लागलं म्हणून मी म्हैस इकतो व्हय?"

"विज्ञान मी शिकवलं की तू?"

"तूच की बाई. तुझ्या पट्टीचा मार अजून आठवतोय." हसला, आणि गोळी बंद केली. डॉक्टरांकडे परत गेलाच नाही. दुखत काहीच नव्हतं. वाढलेला रक्तदाब कुठं दुखतो? वर्षभरानं पायांना सूज आली, दम लागू लागला. मग डायलिसिस.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" मी शेजारीच उभी होते. विलास म्हणाला, "मीच. ध्यानात ऱ्हायची न्हाय."

मी गप्प राहिले. ऐकताय ना? तुमची आक्का गप्प राहिली.

मग डॉक्टरांनी समजावलं. ती गोळी किडनीच्या आतला दाब कमी करते, म्हणून आकडा आधी थोडा वर जातो. बहुतेक वेळा तिथंच थांबतो आणि किडनी जास्त दिवस टिकते. किती वाढ चालेल, ते डॉक्टरांनी बघायचं असतं. विलास गेल्यावर मी त्यांना विचारलं, गोळी चालू असती तर तो आज असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही.

विलास, गोळी तू बंद केली नव्हतीस. मी केली होती. सगळ्यांसमोर सांगते.

आणि तुम्ही, यापुढं रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येऊ नका. ज्यानं गोळी लिहून दिली, त्याच्याकडे जा. आकडा वाढू दे, उलट्या-जुलाब होऊ देत, गोळी थांबवायची का, ते त्यालाच विचारा.

आता दोन मिनिटं उभे राहू या. कुणी काही बोलू नका.

विलास, जन्मभर तू माझं ऐकलंस. एकदा तरी ऐकायला नको होतंस.