दोन्हीकडं एकच नंबर

आमी बंजारा, भाऊ. माहा जन्म पुसदकडच्या हिरानगर तांड्यातला. आजा सांगे का त्याचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, लदेणी म्हनत त्याले, अन् त्या लदेणीत बायका, पोरं, म्हातारे, कुत्रे, सारे संगं चालत, कोनी मांगं राहे नाई. आता मी बी मालवाह्यतुकीतच आहो, पन वणीतल्या एका शेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसून कॉम्प्युटर, राऊटर, वायरी पाह्यतो. अन् बायको माही, सविता, याच शेठच्या पुसदच्या ब्रांचमंधी बिल्टी बनवते, गाडीत काय माल भरला त्याचा कागद. सात वर्सं झाले, ती तिकडं, मी इकडं. पंधरा दिवसातून एकदा यवतमाळले गाडी बदलून जातो, जेवतो, झोपतो, वापस येतो. नोकरी सोडून ये म्हनलं तं म्हनते, मीच कायले सोडू, तुमी सोडा ना. तिचं बी खरंच हाये.

शेठले मी दरसाल म्हनो, सविताले वणीले घ्या. शेठ म्हने, घेतो ना गड्या, पन पुसदचं काम इथल्या कॉम्प्युटरवर उघडत नाई, उघडलं का दुसऱ्या दिवशी बोलावतो. मंग मी व्हीपीएनच्या मांगंच लागलो. व्हीपीएन म्हंजे इंटरनेटमंधूनच काढलेली आपली सोताची बंद वाट, दोन ऑफिस दोन गावात असून एका खोलीत असल्यावानी काम करतेत. पुसदले जाऊन राऊटर लावला, इथला लावला, दोन्हीकडं हिरवा लाईट लागला. मले वाटलं, झालं, आता सविता येते. घरमालकाले दुसऱ्या खोलीचं बी विचारून ठेवलं मी, काय सांगू तुमाले.

पन हिरवा लाईट नुसता पाह्यापुरता. वाट जोडली दिसे, अन् तिकडचं काहीच उघडे नाई. केबल बदलली. फायरवॉल बंद करून पाह्यली. इथं कोळशाची धूळ बम, तं राऊटर खोलून फुकला. लाईनवाल्याले तीनदा बोलावलं, तो म्हने भाऊ, लाईन चांगली हाये, तुमचंच काही चुकून राह्यलं. मी त्याच्याशी भांडलो. पंधरा वर्सं झाले मले राऊटर लावता लावता, मले शिकवून राह्यला!

चवथ्या दिवशी सविताचा फोन. म्हने, अहो, मी तुमच्या वणीच्या प्रिंटरवर कागद सोडला, तं तो माह्याच बाजूच्या प्रिंटरमंधून निंगाला. मी म्हनलं, असं होत नसते. तं हासाले लागली. म्हने, काहून नाई होत, तुमची ती चिठ्ठी नोती का तशीच फिरली?

चिठ्ठीचं सांगतो. लग्न ठरल्यावर मी तिले चिठ्ठी टाकलती. ती बी हिरानगरचीच, पन नदीपल्याडच्या हिरानगरची, दोन तांड्याचं नाव एकच. पोस्टमन कायले नदी उतरते? त्यानं चिठ्ठी आमच्याच तांड्यात देली, माह्या काकीच्या हाती, अन् काकीनं साऱ्या बायाइले वाचून दाखवली. सविताले ती कधी भेटलीच नाई.

मंग मी सविताले म्हनलं, तुह्या प्रिंटरवरचा नेटवर्कचा नंबर वाच, तोच त्याचा पत्ता. तिनं वाचला. मी माह्या प्रिंटरवरचा पाह्यला. सेम टू सेम! मले सवय, भाऊ, कोठीबी गेलो का तेच नंबर टाकाचे, म्हंजे पाठ राह्यतेत. दोन्ही ऑफिसले मीच एकच पत्ता देलता, मंग कागद घर सोडून जाईन कायले? मी फोनवर सांगत गेलो, ती बदलत गेली. तिकडच्या राऊटरच्या नंबरात एकच्या जागी वीस, मंग प्रिंटरमंधी, मंग इकडं व्हीपीएनमंधी मी नवा नंबर टाकला. अर्ध्या तासात पुसदचं सारं काम माह्यापुढं उघडलं. ती तिकडं रडून राह्यलती का हासून, समजलंच नाई.

शेठले बोलावून दाखवलं. शेठनं पाठ थोपटली, सारं पाह्यलं, अन् म्हने, वा रे वा, आता तं पुसद इथूनच दिसते, मंग सविताले हलवाचं कामच नाई उरलं. तिथं गाड्या भरतेत, मानूस तं तिथंच पाह्यजे. अन् तुमी दोघं आता एकाच नेटवर्कवर आले ना बे, अजून काय पाह्यजे?

हासून बोल्ला तो, वाईट मनानं नाई. मी बी हासलो. दुसऱ्या खोलीचं घरमालकाले नाई म्हनून सांगून आलो.

आता सकाळी दहाले मी राऊटरचं पान उघडून बसतो. यादीत तिच्या कॉम्प्युटरचं नाव आलं का समजते, आली ऑफिसात. सांजच्याले नाव जाते, तं समजते, निंगाली घरी. मले तिची लय याद येते, भाऊ, कोनाले सांगू? दुपारी इथला प्रिंटर आपोआप वाजते. कागद निंगते, वर एकच ओळ, जेवले काय? मी उत्तर सोडतो, जेवलो. कधी जेवलो नसलो तरी. तिचे कागद सारे ड्रावरमंधी ठेवले मी, पाहा. चिठ्ठी आता बरोबर पोचते.

तुमी आता घरी चालले ना? घरचे वाट पाह्यत असतीन, जा. आमच्यात म्हनतेत, सेन साई वेस, साऱ्याइचं भलं हो.